साठी उलटलेला माणूस छपरावर कसा टिकतो?

मे महिन्याचा दुसरा पंधरवडा लागला की कोकणातल्या वाड्यावाड्यांतून एक ओळखीचा आवाज येऊ लागतो. कौलावर कौल टेकल्याचा तो आवाज. ७-८ जूनला मृग नक्षत्र लागते. त्याच्या आत घर शाकारून झाले पाहिजे. फुटलेली कौले बदलायची, सरकलेली जागेवर बसवायची, खाचांत अडकलेला पालापाचोळा काढायचा, वाळवीने खाल्लेल्या रिपा नव्या ठोकायच्या, अशी ही कामे असतात. पहिला पाऊस पडला की छपरावर पाय ठेवणे कठीण होते, म्हणून सगळ्यांची एकदमच घाई.

तुम्ही कोकणात राहत असाल किंवा सुट्टीत आजोळी गेला असाल, तर वर कोण काम करीत आहे ते एकदा नीट पाहा. पुष्कळदा तुम्हांला पांढऱ्या केसांचा, हडकुळा, साठी उलटलेला माणूस आढ्याजवळ उकिडवा बसलेला दिसेल. तरुण मुले मुंबई-पुण्याकडे गेलेली. त्यातच माकडांनी उड्या मारून कौले फोडायची आणि दरवर्षी ती बदलायची, याला कंटाळून कित्येकांनी कौले उतरवून पत्रे घातले. त्यामुळे हे काम नव्याने शिकणारे थोडे. पण कौलारू घरे अजून आहेत आणि ती शाकारावी लागतात. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळाने रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांतील असंख्य घरांची छपरे उडवली, तेव्हा तर ऐन पावसाच्या तोंडावर ही कामे निघाली.

आता गंमत अशी दिसते की, हा म्हातारा सकाळपासून वर असतो, फारसा दमलेला वाटत नाही. त्याच्या हाताखाली आलेला वीस-बावीस वर्षांचा पुतण्या मात्र दहा वाजताच धापा टाकत सावलीत येऊन बसतो. हे पाहून कोणी म्हणेल, "जुनी हाडे हो! आताच्या पोरांत तो दम नाही." हे उत्तर चुकीचे आहे. जुन्या हाडांत जादा दम नसतो, उलट तो कमीच असतो. मग काम कसे होते? आणि ज्याला दिवसभर काम जमते, त्याला छपरावर धोकाही कमी असतो का? हे दोन प्रश्न वेगवेगळे आहेत. घरोघर लोक त्यांची गल्लत करतात आणि ती कधी कधी फार महाग पडते.

एक चमचा साखर आणि दोन टन कौले

आधी कामाचा हिशेब करू. कोकणात आज सर्रास दिसणारे कौल म्हणजे मंगळुरी कौल. १८६५ साली बासेल मिशनने मंगळुरास नेत्रावती नदीच्या काठी कौलांचा कारखाना काढला, तेव्हापासून हे नाव रूढ झाले. असे एक कौल साधारण अडीच किलो भरते आणि एक चौरस मीटर छपराला सुमारे १५ कौले लागतात. घराच्या दोन्ही पाख्यांचे क्षेत्रफळ मिळून ६० चौरस मीटर आहे असे धरा. म्हणजे ९०० कौले. वजन २२५० किलो, सव्वादोन टन!

ही सगळी कौले जमिनीवरून सरासरी ४ मीटर उंच चढवायची आहेत. कार्य म्हणजे वजन गुणिले उंची, हे तुम्हांला ठाऊक आहेच. २२५० × ९.८ × ४ = ८८,२०० जूल, म्हणजे जेमतेम २१ किलोकॅलरी. चहात घालतो त्या एका चमचाभर साखरेतून शरीराला जवळजवळ एवढी ऊर्जा मिळते. सव्वादोन टन कौले छपरावर गेली आणि खर्च काय, तर एक चमचा साखर!

पण प्रत्यक्षात माणूस घामाघूम होतो. मग उरलेली ऊर्जा कुठे जाते?

पहिली गोष्ट अशी की, आपले स्नायू हे काही फार काटकसरी यंत्र नव्हे. अन्नातील ऊर्जेचा फार तर चौथा हिस्सा ते कार्यात बदलतात. बाकीचा उष्णतेच्या रूपाने अंगातच राहतो. म्हणजे एका चमच्याऐवजी चार चमचे साखर लागली. तरीही ती फार नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. पुतण्या सहा कौले खांद्यावर घेतो आणि शिडीने वर जातो. सहा कौले म्हणजे १५ किलो. पण त्यांच्याबरोबर तो स्वतःचे ६० किलो वजनही दर खेपेला चार मीटर वर नेतो. ९०० कौलांसाठी १५० खेपा झाल्या. १५० × ६० × ९.८ × ४ = ३,५२,८०० जूल. कौलांसाठी केलेल्या कार्याच्या बरोबर चौपट! त्याच्या श्रमातला पाचातला चार हिस्सा हा स्वतःलाच वर उचलण्यात गेला.

म्हातारा असे करीत नाही. तो एकाला जमिनीवर, एकाला शिडीच्या मध्यावर आणि एकाला वळचणीपाशी उभे करतो व कौले हातोहात वर घेतो. माणसे जागच्या जागी राहतात, प्रवास फक्त कौलांचा होतो. माणसे कमी असली तर तो आढ्याला कप्पी बांधतो आणि टोपलीतून कौले ओढून घेतो. एका स्थिर कप्पीने लागणारे बल कमी होत नाही, हे तुम्ही शिकला आहात. फायदा दिशेचा होतो. जमिनीवर घट्ट पाय रोवून दोर खाली ओढायचा, त्यात अंगाचे वजनच मदतीला येते. ही युक्ती त्याने कोणत्याही पुस्तकातून घेतलेली नाही. गुडघे दुखू लागल्यावर सुचलेली ती विद्या आहे.

तिसरी गोष्ट पाठ्यपुस्तकातल्या कार्याच्या व्याख्येत बसत नाही. दप्तर हातात घेऊन हात समोर ताठ धरा. दप्तर हलत नाही, म्हणून पदार्थविज्ञानाच्या भाषेत तुम्ही शून्य कार्य करीत आहात. तरी दोन मिनिटांत खांदा भरून येईल! स्नायू आखडून धरला की त्याच्या आतले सूक्ष्म तंतू सतत एकमेकांना पकडत-सोडत राहतात आणि त्यासाठी ऊर्जा खर्च होते. शिवाय ताणलेल्या स्नायूत रक्तवाहिन्या दाबल्या जातात, त्यामुळे प्राणवायूचा पुरवठा तोकडा पडतो. नवशिका माणूस कौल हातात धरून जागा शोधत बसतो. जुना माणूस आधी जागा पाहतो, साफ करतो, मग कौल उचलतो. मधल्या वेळात कौल त्याच्या मांडीवर किंवा रिपेवर टेकलेले असते. भार स्नायूंनी नव्हे, लाकडाने सोसला.

कौल अंगाजवळ धरण्याचेही असेच आहे. पाठीचे स्नायू कण्याच्या मध्यापासून सुमारे ५ सेंटिमीटरवरून ओढतात. चार कौले, म्हणजे १० किलो, शरीरापासून ४० सेंटिमीटर दूर धरली तर तरफेच्या नियमाप्रमाणे पाठीच्या स्नायूंना आठपट, म्हणजे ८० किलो वजनाइतके बल लावावे लागते. वाकलेल्या धडाचा भार त्यात आणखी मिळवायचा. हे सगळे बल मणक्यांमधल्या चकत्यांवर दाब आणते. वयाबरोबर या चकत्यांतले पाणी कमी होते आणि त्या धक्के कमी सोसतात. पोटाशी धरलेल्या कौलांचे अंतर २० सेंटिमीटर झाले, तर ताण निम्मा होतो.

आता छातीतल्या भात्याकडे वळू. जोराच्या श्रमात शरीर दर मिनिटाला जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते, यावर माणसाची श्रम करण्याची कुवत मोजतात. पंचविशीतल्या निरोगी कष्टकरी माणसात ती दर किलो वजनामागे ४० मिलिलिटरच्या आसपास असते असे धरू. पुढे दर दहा वर्षांनी ती साधारण दहा टक्क्यांनी घटत जाते. साठीला ती २८ च्या घरात येते. श्रमांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांचा एक ढोबळ नियम असा की, दिवसभर टिकायचे असेल तर या कुवतीच्या एक तृतीयांशाहून अधिक वेगाने काम करू नये. तरुणाची ही मर्यादा १३, म्हाताऱ्याची ९. तरुणाने त्याच चालीने काम केले तर तो दिवसभर सहज टिकेल. पण तो करतो २० च्या वेगाने, आणि मग पाऊण तास बसून राहतो. हातोडी खाली राहिली म्हणून एकदा उतरतो, खिळ्यांसाठी पुन्हा एकदा, तंबाखूसाठी तिसऱ्यांदा! म्हातारा ९ च्या आत राहतो आणि थांबत नाही. संध्याकाळी दोघांची कौले मोजली तर फार फरक निघत नाही.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. शक्ती घटते, पण अनाठायी हालचाली त्याहून वेगाने घटतात, आणि काम होऊन जाते.

जे दिसत नाही ते आधी जाते

दुसरा प्रश्न धोक्याचा. त्यासाठी स्नायूच्या आत डोकवावे लागेल.

आपल्या स्नायूंत मुख्यतः दोन प्रकारचे तंतू असतात. एक संथ आणि चिवट. ते हळू आखडतात, पण तासन्‌तास दमत नाहीत. दुसरे चपळ. ते झटक्यात आखडतात, पुष्कळ जोर देतात आणि लवकर थकतात. ज्यांच्या घरी कोंबडी शिजते त्यांनी हा भेद पाहिलेला आहे: दिवसभर चालणाऱ्या पायांचे मांस गडद असते, क्वचित फडफडणाऱ्या पंखांना हलवणारे छातीचे मांस फिके. माणसाच्या एकाच स्नायूत हे दोन्ही तंतू मिसळलेले असतात.

वय वाढते तशी ही दोन्ही सारख्या प्रमाणात कमी होत नाहीत. चपळ तंतू अधिक बारीक होतात. त्यांना आज्ञा देणाऱ्या मज्जारज्जूतल्या पेशीही हळूहळू नाहीशा होतात, आणि पोरक्या झालेल्या तंतूंपैकी काहींना शेजारच्या संथ पेशी आपल्या ताब्यात घेतात. परिणाम असा की, जोर कमी होतोच, पण झटक्यात जोर लावण्याची ताकद त्याहून अधिक कमी होते.

आता छपरावरचे काम आठवा. उकिडवे बसणे, सरकणे, कौल उचलून बसवणे. ही सारी संथ तंतूंची कामे आहेत आणि ते बऱ्यापैकी शाबूत आहेत. म्हणून साठीच्या माणसाला दिवसभर काहीच उणे वाटत नाही. त्यालाही नाही आणि खालून पाहणाऱ्यालाही नाही. चपळ तंतूंची गरज दिवसभरात फक्त एकदाच पडते. पाय सटकतो त्या क्षणी.

तो क्षण किती मोठा असतो? मंगळुरी कौलांचे पाखे साधारण ३० अंशांच्या उतारावर आहे असे धरा. अशा उतारावर पाय न घसरता राहायचा तर पाय आणि कौल यांच्यातील घर्षणांक ३० अंशांच्या स्पर्शज्येहून, म्हणजे ०.५८ हून अधिक हवा. कोरड्या, स्वच्छ कौलावर अनवाणी पायाला तो मिळतो. कौलावर वाळलेल्या शेवाळाची भुकटी असेल, पहाटेचे दव असेल किंवा वळवाची एक सर येऊन गेली असेल, तर मिळत नाही. समजा पाय सटकला. घर्षण मुळीच नाही असे धरले, तर उतारावरचे त्वरण ९.८ च्या निम्मे, म्हणजे ४.९. सावरायला ०.३ सेकंद लागले तर माणूस २२ सेंटिमीटर घसरेल. एक वीत! ०.५ सेकंद लागले तर ६१ सेंटिमीटर, म्हणजे सव्वा हाताहून अधिक. वेळ दुप्पटही झाला नाही, पण अंतर जवळजवळ तिप्पट झाले, कारण अंतर वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. शिवाय वेगही वाढलेला असतो आणि तो थांबवायला जास्त जोर हवा असतो. जो जोर आता राहिलेला नाही!

तरुणपणी हाच माणूस शेकडो वेळा सटकला असेल आणि सावरला असेल. बहुधा त्याला ते आठवतही नसेल. 'चाळीस वर्षांत एकदा पडलो नाही' असे तो म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत नाही. पण त्या चाळीस वर्षांचा अनुभव चपळ तंतू असलेल्या पायांचा आहे.

सटकण्याची सूचना मेंदूला वेळेवर मिळावी लागते, हेही आलेच. तोल राखण्यासाठी मेंदूला तीन ठिकाणांहून बातमी येते: डोळे, अंतर्कर्ण आणि पायांचे तळवे व सांधे. अंतर्कर्णातल्या सूक्ष्म केसांच्या पेशी वयाबरोबर कमी होतात आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. तळव्यांची संवेदनाही मंदावते, मधुमेह असेल तर अधिकच. एक प्रयोग करून पाहा. घरात, भिंतीजवळ, एका पायावर उभे राहा आणि सेकंद मोजा. मग हेच डोळे मिटून करा. तुमचेसुद्धा आकडे धाडकन खाली येतील. आता आजोबांना विचारा, पण त्यांना फक्त उघड्या डोळ्यांनी उभे करा आणि दोन्ही बाजूंना तुमच्यातले दोघे उभे राहा. हा नियम मोडू नका. तुमचा आणि त्यांचा उघड्या डोळ्यांचा आकडा शेजारी ठेवून पाहिला की, वयाबरोबर तोल राखणे किती कठीण होते याची कल्पना येईल.

आणि डोळे तरी कुठे पहिल्यासारखे राहिले आहेत? बाहुली लहान होते, नेत्रभिंग पिवळसर होते. साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलावर विशीतल्या माणसाच्या मानाने सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. त्यात दुहेरी भिंगांचा चष्मा असला तर आणखी एक घोटाळा होतो. त्याचा खालचा भाग वाचण्यासाठी असतो. शिडी उतरताना माणूस खाली पाहतो, आणि दीड मीटरवरची पायरी नेमकी वाचायच्या भिंगातून पुसट दिसते. हा चष्मा वर काढून ठेवावा, दूरचा साधा चष्मा लावावा.

वळचण जमिनीपासून तीन मीटर उंच असली, तर तिथून पडणारा माणूस पाऊण सेकंदात जमिनीवर येतो आणि त्या वेळी त्याचा वेग ताशी सुमारे २८ किलोमीटर असतो. विशीतले हाड आणि साठीतले हाड हा धक्का सारखा सोसत नाही. साठीनंतर खुबा किंवा मणका मोडला, तर कित्येक जण पुन्हा पहिल्यासारखे चालत नाहीत.

मे महिन्याचे ऊन

कोकणातल्या उन्हाळ्यात पारा विदर्भाइतका चढत नाही. तरी छपरावरचा माणूस अधिक कासावीस होतो. घाम अंग थंड करतो तो वाहून नव्हे, वाळून. एक ग्रॅम घाम वाळताना सुमारे २४०० जूल उष्णता घेऊन जातो. समुद्रकाठची हवा आधीच बाष्पाने भरलेली असल्याने घाम वाळत नाही, नुसता निथळतो, आणि निथळलेला घाम म्हणजे फुकट गेलेले पाणी. साठीनंतर यात दोन अडचणी वाढतात. घर्मग्रंथी कमी घाम देतात आणि कातडीकडे जाणारा रक्तप्रवाह आधीइतका वाढत नाही, त्यामुळे आतली उष्णता बाहेर टाकणे कठीण होते. दुसरी अडचण फसवी आहे. तहान लागण्याची जाणीवच बोथट होते. अंगातले पाणी कमी झालेले असते आणि माणूस म्हणतो, "नको, तहान नाही."

म्हणून जाणता माणूस उजाडता उजाडता वर चढतो, दव मात्र वाळू देतो. दहा-अकराला उतरतो आणि चार वाजल्यावर पुन्हा चढतो. पाणी तहानेवर सोपवायचे नाही, घड्याळावर सोपवायचे. दर अर्ध्या तासाला पेलाभर, सोबत चिमूटभर मीठ घातलेले कोकमाचे सरबत असले तर उत्तमच. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर मिठाचे मात्र डॉक्टरांना विचारावे. पाणी कमी पडलेला माणूस उकिडव्यावरून एकदम उठला की डोळ्यांपुढे अंधारी येते. जमिनीवर ही किरकोळ गोष्ट आहे, आढ्यावर नव्हे.

अंगातली राखीव ताकद बाहेरून आणणे

शरीराने गमावलेली गोष्ट रोजची ताकद नसून राखीव ताकद आहे, हे एकदा ध्यानात आले म्हणजे उपाय कोणते हेही कळते. ती राखीव बाहेरून आणावी लागते.

सर्वांत स्वस्त साधन म्हणजे दुसरी शिडी. ती पाख्यावर आडवी टाकून आढ्याला बांधली की पायाला पायऱ्या मिळतात आणि घर्षणांकाची चिंता बरीचशी मिटते. शिवाय वजन एका कौलावर न येता अनेक कौलांवर आणि वाशांवर पसरते. शिडी नसेल तर पाय कौलाच्या मध्यावर न देता दोन कौले एकमेकांवर येतात आणि खाली रीप असते तिथे द्यावा. हे जुन्या माणसाला सांगावे लागत नाही. पत्र्याचे मात्र उलट आहे. सिमेंटचा जुना पत्रा वरून धड दिसतो आणि पायाखाली एकदम फुटतो. कौलांवर आयुष्य गेलेला माणूस पत्र्यावर नवशिकाच असतो.

खालची शिडी किती तिरपी असावी? उंची चार तर बुंधा भिंतीपासून एक, हे प्रमाण सुरक्षित मानतात. अधिक पसरली तर बुंधा सटकतो, अधिक उभी केली तर माणसासकट मागे येते. शिडीचे टोक वळचणीच्या वर दोन हात तरी असावे, नाहीतर उतरणाऱ्याला पहिली पायरी गाठताना धरायला काहीच उरत नाही. आणि उतरायचे असते दिवसाच्या शेवटी, मांड्या थरथरत असताना!

दोराबद्दल थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण इथे अर्धवट ज्ञान घातक ठरते. दोराचे एक टोक आढ्यावरून पलीकडे नेऊन मजबूत झाडाला बांधतात, दुसरे अंगाला. समजा दोर सैल आहे आणि ६० किलोचा माणूस २ मीटर पडल्यावर तो ताणला गेला. काथ्याचा दोर फारसा ताणत नाही, तेव्हा माणूस २० सेंटिमीटरमध्ये थांबला असे धरू. सरासरी बल येते ५८८ × २.२ ÷ ०.२, म्हणजे सुमारे ६५०० न्यूटन. अंगाच्या वजनाच्या अकरापट! आणि दोर कमरेला बांधलेला असेल तर हे सगळे पोटावर आणि कण्यावर येईल. तोच दोर तंग ठेवला आणि माणूस फक्त ३० सेंटिमीटर पडला, तर बल येते सुमारे १५०० न्यूटन, म्हणजे अडीचपट. म्हणून दोर कधीही सैल नसावा, तो वळचणीपर्यंत पोचू देणारा तर नसावाच, आणि कमरेच्या गाठीऐवजी मांड्या व खांद्यांभोवती बसणारा पट्टा असावा. त्यात ताण शरीराच्या दणकट भागांवर वाटला जातो. असा पट्टा हल्ली बांधकामाच्या सामानाच्या दुकानांत मिळतो. वाड्यांवरच्या शाकारणीत तो दिसत नाही, याला पैशांइतकेच 'इतकी वर्षे लागला नाही तो आता कशाला?' हे उत्तरही कारणीभूत आहे.

इथे एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. १९९६ साली बांधकाम कामगारांसाठी जो केंद्रीय कायदा झाला, त्यात कल्याण निधीचा लाभ घेण्यासाठी नोंदणीचे वय १८ ते ६० ठेवले होते, आणि आधीच्या बारा महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामावर काम केलेले असण्याची अट होती. शाकारणीचा हंगाम दीड-दोन महिन्यांचा. उरलेले वर्ष हा माणूस शेतात किंवा आंब्याच्या बागेत. म्हणजे वय बसते तेव्हा दिवस बसत नाहीत, आणि साठीनंतर काहीच बसत नाही. तो वर चढतो याचे कारण पुष्कळदा हौस नसते.

तरीही वयाबरोबर वरचे काम कमी आणि खालचे काम जास्त, अशी वाटणी ज्या घरांत झाली आहे तिथे म्हाताऱ्याचे मोल कमी झालेले दिसत नाही. पुतण्या वर असतो, अंगाला पट्टा असतो. म्हातारा अंगणात खाटेवर बसून कौले पारखत असतो. एका हाताने कौल अधांतरी धरायचे आणि दुसऱ्या हाताच्या बोटाच्या पेराने ठोकायचे. 'टण्' असा आवाज घुमत राहिला तर कौल चांगले भाजलेले आणि अखंड. 'थब्' असा बद्द आवाज आला तर आत बारीक चीर आहे, किंवा भाजणी कच्ची आहे. अखंड कौल सगळेच्या सगळे एकदम कंप पावते आणि तो कंप काही काळ टिकतो. चीर असली की तिच्या दोन कडा एकमेकींवर घासतात आणि कंपाची ऊर्जा तिथेच उष्णतेत विरून जाते. वयाबरोबर कानाला अतिशय उंच स्वर ऐकू येईनासे होतात हे खरे, पण इथला भेद नाद किती वेळ टिकतो यातही असतो आणि तो धरलेल्या बोटांनाही जाणवतो. डोळ्यांना न दिसणारी चीर अशी सापडते, आणि ते कौल वर जाण्याआधीच बाजूला पडते. पुतण्याची वरची एक खेप वाचते.

तुम्हांलाही हे करून पाहता येईल. चिनी मातीचे दोन सारखे कप घ्या, एक अखंड आणि एक तडा गेलेला. दोन्ही कानाच्या दांडीला सैलसर दोरी बांधून टांगा आणि लाकडी चमच्याने हलकेच ठोका. मग मित्राला डोळे मिटायला सांगून कोणता कप कोणता ते ओळखायला लावा.